वरून एक तांब्या पाणी

"हा बिल्ड मावशींचा आहे."

बाकीचं सगळं तो इंग्रजीत बोलत होता. 'मावशी' एवढा एकच शब्द मराठी. सिंगापुरात तुआसला, जहाजाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, परक्या माणसांसमोर. स्क्रीनवर एकच ओळ पुन्हापुन्हा येत होती. आम्ही दिलेलं एकही टूल चालत नव्हतं. ग्राहकाचा मुख्य इंजिनियर, एक शांत चिनी गृहस्थ, हाताची घडी घालून उभा होता. त्याने विचारलं, हे बांधलं कुणी? आमच्या श्रीरंगने माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाही. हनुवटी केली. कोपऱ्यातली बादली दाखवावी तशी.

मावशी म्हणजे काय, ते त्या चिनी गृहस्थाला कुठून कळणार? त्याला ते माझं नाव वाटलं. वळून अगदी अदबीने म्हणाला, "मिसेस मावशी, व्हॉट हॅपन्ड?"

तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

आता मी आजी आहे. क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहते. नात म्हणते, मी पॅरानॉइड आहे. खरं आहे. काहीही नवं टाकायचं म्हटलं की मी विचारते, कुणी बांधलं? कशावरून? ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आजी, जस्ट डाउनलोड लाह." मी नाही डाउनलोड करत. मी सोर्स उतरवते, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर. तो वाचते आणि माझ्या मशीनवर स्वतः बांधते. दुसऱ्याने शिजवून झाकण लावून दिलेलं मी खात नाही. आत काय आहे ते आधी बघते.

पण हा संशय मला फार उशिरा जडला. त्याआधी माझ्या अंगात एक भलतीच भाबडी बाई राहत होती. तिची गोष्ट सांगते. तिला हसलात तरी चालेल. मी रोज हसते.

ती बाई वन-नॉर्थच्या एका ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर होती. स्वतःच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आली होती, त्याचा केवढा तोरा. चाळिशी उलटलेली, केस रंगवलेले, चष्म्याला साखळी. आडनाव खरं नव्हतं. म्हणजे कागदोपत्री खरं होतं, मुंबईत असतानाच गॅझेटात देऊन बदललेलं. आम्ही बौद्ध. खरं आडनाव उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते होऊ नये म्हणून बाईने गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि निवांत झाली. घरात निळ्या कोटातला फोटो होता. ऑफिसातली मराठी मंडळी जेवायला येणार असली की तो कपाटात जायचा. त्या माणसाने एवढ्या पदव्या मिळवल्या, एवढं लिहिलं, आणि सिंगापुरात येऊन माझ्या साड्यांच्या मागे रविवार काढले.

आता तिचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचे प्रोग्रॅमर ज्या अवजारांनी काम करतात ती बहुतेक ओपन सोर्स. जगभरातल्या लोकांनी लिहून उघड्यावर ठेवलेली. बहुतेक सगळी लिनक्सवर लिहिलेली. पण तुआसच्या कारखान्यातल्या मशीनवर लिनक्स नव्हतं, बीएसडी होतं. ती वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम. नात्यातलीच म्हणा, पण घर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. तेव्हा ती अवजारं मूळ सोर्सपासून बीएसडीवर बांधायची, हे बाईचं काम. बांधून जे तयार होतं तो बिल्ड.

यात एक गंमत असते. लिहिणाऱ्याने आपलं घर तेच जगाचं घर असं धरलेलं असतं. तो लिहितो, बॅश या जागी असणार. बॅश म्हणजे हुकूम वाचणारा प्रोग्रॅम. बीएसडीवर तो दुसऱ्याच खोलीत असतो, आणि कधीकधी नसतोच. मेक हा बांधून देणारा प्रोग्रॅम. लिहिणारा म्हणतो, मेक म्हणजे आमचं मेक. इथलं मेक वेगळं, याची भाषा त्याला कळत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला दुसरं घर असतं हेच माहीत नसतं. मी एकेक ओळ शोधायची, हे गृहीत कुठे कुठे धरलंय ते काढायचं, आणि सगळ्यांच्या घरी चालेल असं करायचं. मला हे काम फार आवडायचं. का आवडायचं ते त्या बाईला कळत नव्हतं. मला कळतं.

बांधायच्या आधी कॉन्फिगर नावाची एक स्क्रिप्ट चालवतात. ती मशीनला बारीकबारीक प्रश्न विचारते. हे आहे का? ते आहे का? अमुक करून बघ, जमतं का? सरळ कधी विचारत नाही, तू कोण. शेपन्नास आडून प्रश्न विचारून स्वतःच ठरवते.

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींची पंगतही तशीच चालायची. मूळचे कुठले? नाही, त्याआधीचे? पुण्यात कुठल्या भागात? अरे वा, मग अमक्यांना ओळखत असाल. तुमच्याकडे गौरी खड्याच्या की मुखवट्याच्या? बाई या परीक्षेची तयारी करून जायची. गौरींचे सगळे प्रकार तोंडपाठ. एकदा तर स्वतःहून सांगितलं, आमच्याकडे खड्याच्या. घरी आल्यावर नवरा म्हणाला, आपल्याकडे कुठल्या खड्याच्या? डोळ्यातल्या?

नवरा माझा बँकेत अकाउंट्सला होता. कमी बोलायचा, बोलला की असं.

श्रीरंग आमचा मॅनेजर. पुण्याचा. माझ्याहून बराच लहान, हुशार, आवाज गोड. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे. अकाउंट्समध्ये माझ्याच वयाची एक बाई होती, जोशी. तिला तो 'काकू' म्हणायचा. मला 'मावशी'. भाबडीला वाटलं, काय आपुलकी आहे. पुण्यात मावशी कुणाला म्हणतात, कोण दार वाजवून मागच्या बाजूने येतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या आईला सगळी पेठ मावशीच म्हणायची. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याला लागू करून बघणं वेगळं.

त्याला माझं कळलं होतं का? कुणाकडून? माझ्या कॉलेजचं कुणी त्याच्या ओळखीचं होतं का? की नुसता वास घेतला? मला आजवर ठाऊक नाही. मी या सगळ्या शक्यता कितीदा तपासल्या असतील.

आता पद्धत ऐका. टीममध्ये जो बांधेल त्याचा बिल्ड तपासून तसाच पुढे जायचा. माझा जायचा नाही. माझा सोर्स, माझ्या दुरुस्त्या श्रीरंग घ्यायचा आणि स्वतःच्या मशीनवर सगळं पहिल्यापासून पुन्हा बांधायचा. मग तो बिल्ड ग्राहकाकडे. माझा तयार बिल्ड डब्यासारखा तिथेच पडून.

आणि भाबडी काय करायची? कौतुक! नवीन कुणी आलं की त्याला सांगायची, बघा, आमच्याकडे केवढी शिस्त आहे, दोनदा बांधतो आम्ही. चीनहून आलेली एक मुलगी मला म्हणाली, माझा तर एकदाच बांधतात. भाबडी म्हणाली, अगं तू नवीन आहेस, पुढे तुझाही बांधतील.

हसा.

संशय त्या मुलीच्या वाक्याने आत शिरला. लहानसा. मी स्वतःशी सगळी कारणं मांडून पाहिली. मी कॉन्ट्रॅक्टवर म्हणून? ती मुलगीही कॉन्ट्रॅक्टवर. मी बाई म्हणून? तीही बाई. माझं वय? काही चुकलं होतं कधी? एकदाही नाही. मग म्हटलं, उगाच मनात कशाला धरा, सिद्ध करून टाकू.

एरवी एकाच सोर्सचे दोन बिल्ड सारखे निघत नाहीत. बांधल्याची वेळ, मशीनचं नाव, बांधणाऱ्याचं नाव, असलं बरंच काही आत जाऊन बसतं. मी एक छोटं टूल घेतलं आणि ते सगळं काढून टाकलं. माझ्या मशीनवर बांधलं, श्रीरंगच्या मशीनवरही तसंच बांधायला लावलं. दोन्हींचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे फाइलचा अंगठा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सगळा बदलतो. दोन्ही अंगठे एक. तंतोतंत. कुणाच्या हातचं कुठलं हे देवालाही सांगता आलं नसतं.

मी ते घेऊन त्याच्याकडे गेले. आत्ता शाबासकी मिळणार, अशा चेहऱ्याने. शाळेतल्या पोरीसारखी.

त्याने बघितलं. हसला. गोड आवाजात म्हणाला, "तसं काही नाही हो मावशी. तुमचं काम चोखच असतं. सवय असते एकेक. आमची आई नाही का, भांडी कितीही लख्ख घासलेली असली तरी वरून एक तांब्या पाणी घालूनच आत घेते."

मीही हसले. हो, खरं बोलते, हसले. सवय असते एकेक.

मग बसून राहिले. माझ्या खुर्चीत, माझ्या मशीनसमोर. आणि मला ते अंगण दिसलं.

पेठेतलं. आई नळाखाली भांडी घासायची. राख, नारळाची शेंडी. तिची भांडी अशी निघायची की तोंड बघून घ्यावं. घासून झाली की फरशीवर पालथी मांडायची आणि बाजूला व्हायची. मग घरातल्या बाई यायच्या. तांब्यातून वरून पाणी ओतायच्या. सगळ्या भांड्यांवर, एकही न सोडता. मग भांडी आत जायची.

मी लहान. आईला विचारलं, तू नीट घासली नाहीस का? ती म्हणाली, घासली की. मग? ती म्हणाली, गप.

मला वाटलं, एवढं जड काम त्या बाईंना उगाच पडतं. मी मोठ्या मनाने पुढे झाले. म्हटलं, द्या, मी ओतते पाणी.

बाई हसल्या. रागावल्या नाहीत अजिबात. म्हणाल्या, "अगं, तू ओतून कसं चालेल?"

आईने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मला वाटलं, मी आगाऊपणा केला म्हणून. इतकी वर्षं तसंच वाटत होतं. शिकले, नोकरी केली, समुद्र ओलांडला, मशीनला कोड्यात टाकणारे प्रोग्रॅम सोडवले. आणि वन-नॉर्थच्या थंडगार ऑफिसात बसून नव्या पोरांना सांगत होते, आमच्याकडे दोनदा बांधतात. द्या, मी ओतते पाणी.

श्रीरंगला मी जाब विचारला नाही. भाबडी मेली होती, पण भित्री जिवंत होती. पास कंपनीच्या हातात.

मग तुआस आलं.

कारखान्याला सगळा संच एकदम हवा होता. मी बांधून दिला. श्रीरंगने नेहमीप्रमाणे पुन्हा बांधला. पण बीएसडीवर बॅशचा लांब पत्ता त्याला सारखा टाइप करावा लागायचा, म्हणून त्याने मध्यंतरी सोयीसाठी आपल्या मशीनवर लिनक्ससारख्या जागी बॅशचा एक शॉर्टकट करून ठेवला होता. स्वतःच्या घरासारखं घर करून घेतलं. बांधताना कॉन्फिगरला तो शॉर्टकट सापडला, आणि तोच पत्ता प्रत्येक टूलमध्ये जाऊन बसला. त्याच्या मशीनवर सगळं झकास चाललं. तुआसच्या मशीनवर त्या पत्त्यावर कुणीच राहत नव्हतं.

स्क्रीनवरची ओळ वाचली आणि मला एका नजरेत कळलं काय झालंय. त्यालाही कळलं असणार. मूर्ख नव्हता तो. आणि नेमक्या त्या क्षणी हा बिल्ड मावशींचा झाला. कामाला आला तेव्हा कधी माझा नव्हता.

तो माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "मावशी, सॉरी म्हणून टाका. विषय संपवा. मी नंतर बघतो सगळं."

आपली भाषा. परदेशात कानावर पडली की जीव सुखावतो म्हणतात. तिचा असाही उपयोग असतो. बाकीच्यांना कळू नये म्हणून.

मी त्याला मराठीत उत्तर दिलं नाही. त्या चिनी गृहस्थाकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "धिस बिल्ड इज नॉट माईन. प्लीज सी हूज नेम इज ऑन इट."

त्याने टूलचं व्हर्जन विचारणारा हुकूम दिला. खाली ओळ आली. बांधणारा कोण, कुठल्या मशीनवर. श्रीरंगचं नाव. माझं पुसून त्याने स्वतःच घातलेलं.

आता तुम्हाला वाटेल टाळ्या पडल्या. कसल्या टाळ्या? त्या गृहस्थाला आमच्या नावांशी काय घेणं? तो म्हणाला, "हू बिल्ट नेव्हर माइंड. वेन कॅन वर्क?"

माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. त्यावर माझा बिल्ड होता, चालणारा. मी तो काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, आत्ता. पण आहे तसा लावायचा. माझ्या नावासकट.

श्रीरंग पेनड्राइव्हकडे बघत राहिला. हात लावला नाही. मग ग्राहकाला म्हणाला, उद्या येतो, ऑफिसातून नवीन बिल्ड घेऊन.

हे नीट वाचा. चालणारी वस्तू टेबलावर होती. ग्राहक ताटकळत होता. कंपनीची अब्रू जात होती. तरी त्याने उद्या म्हटलं. वरून पाणी घातल्याशिवाय आत न्यायचं नव्हतं त्याला. तोवर मला वाटत होतं, पुरावा दाखवला की माणूस वरमतो. पुरावा त्याच्यासमोर टेबलावर पडला होता.

परतीच्या टॅक्सीत तो म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेतलंत."

मी म्हटलं, "श्रीरंग, माझं नाव मावशी नाही."



कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. कारण दिलं बजेटचं. बजेट नेहमी अगदी वेळेवर संपतं. पास गेला आणि मी नवऱ्याच्या डिपेंडंट पासवर आले. सरकारी शब्दच तो, अवलंबून असलेली. भित्री खूप रडली. तिला म्हटलं, रड, पण ऊठ. जुना कॉम्प्युटर विकत आणला, त्यावर बीएसडी चढवलं, आणि त्याच संचातल्या एका टूलच्या ओपन सोर्स प्रकल्पात माझ्या दुरुस्त्या पाठवायला लागले. या वेळी खऱ्या आडनावाने. पहिल्यांदा टाइप करताना बोटं अडखळली. पलीकडे कुठल्या देशातलं कोण होतं कुणास ठाऊक. त्याने एवढंच लिहिलं की चौथ्या ओळीत चूक आहे, बाकी घेतो. चूक होतीच. मला तो नकार इतका गोड लागला. त्याने माझी ओळ वाचली होती.

करता करता बीएसडीची सगळी बाजू माझ्याकडे आली. आज नवी आवृत्ती बाहेर पडते तेव्हा तिच्यावर डिजिटल सही माझी असते. त्या सहीची किल्ली माझ्याकडे. ती किल्ली असलेला माणूस सांगेल ते जगभरातली मशीनं खरं मानतात. म्हणून मी कुणावरही विश्वास ठेवत नाही. सगळ्यांचं वाचते.

आणि गेल्या महिन्यात पत्र आलं. ईमेल. सुरुवात, डिअर सर.

श्रीरंग. आता कुठल्या तरी मोठ्या जागेवर. नाव वाचून ओळखलं नाही त्याने. ते आडनाव त्याच्या ओळखीत बसत नसणार, आणि बाई असेल हे तर नाहीच. सोबत एक दुरुस्ती पाठवली होती. पुढे लिहिलं होतं, तुम्ही इतकी वर्षं एकट्याने हे ओझं वाहताय, आता आमची कंपनी मदत करू इच्छिते, आमच्याकडे माणसं आहेत, रिलीजचं आणि सहीचं काम आमच्याकडे सोपवा, तुम्ही निवांत व्हा. शब्द फार गोड. आवाज ऐकू आला मला.

आमच्या धंद्यात असल्या पत्रापासून सावध राहायचं असतं. दमलेल्या म्हाताऱ्याला 'द्या, मी करतो' म्हणत जो येतो, त्याची बॅग आधी उघडायची.

मी त्याची दुरुस्ती उघडली. ओळ न् ओळ वाचली. चूक सापडावी असं फार वाटत होतं. देवाशपथ, फार. नाही सापडली. चांगली होती. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, मग पुन्हा तूच लिही आणि तुझं नाव घाल. गंमत करत होता. पण मी खरंच थोडा वेळ तिथे बसले. तांब्या हातात होता.

नाही घातलं पाणी. तपासणं वेगळं आणि विसळणं वेगळं. तपासणारा काय सापडलं ते सांगतो. विसळणाऱ्याला काही सापडायचंच नसतं. दुरुस्ती घेतली, त्याच्या नावासकट, आली तशी. मग उत्तर लिहिलं. मराठीत.

"श्रीरंग, दुरुस्ती घेतली. तपासली, बरोबर आहे. तुझं नाव आहे तिथेच राहील. मी सर नाही. तुआसला टेबलावर पेनड्राइव्ह ठेवणारी मी. किल्ली मिळणार नाही."

त्याचं उत्तर आलेलं नाही. यावं अशी वाटही बघत नाही.

निळ्या कोटातला फोटो हॉलमध्ये आहे, दार उघडल्या उघडल्या दिसेल असा. कुणी आत यायचं की दारातून परत जायचं, ते येणाऱ्याने ठरवावं.

माझे डोळे आता दमतात. किल्ली कधीतरी द्यावी लागेल. कुणाला द्यायची ते मी ठरवलंय. प्रकल्पात एक जण आहे, टोपणनावाने काम करतो, किंवा करते. वर्षानुवर्षं मी त्याची प्रत्येक ओळ वाचलीय, कितीतरी परत पाठवल्यात, आणि माझ्याही चुका त्याने तोंडावर दाखवल्यात. गाव कुठलं, माहीत नाही. घरी काय पुजतात, माहीत नाही. आडनाव मी विचारलेलं नाही. विचारणार नाही.